डिओडँड : अंधश्रद्धा म्हणून गेलेला शब्द, की अडचण म्हणून काढलेला?

मोडीवाचक

इंग्लंडच्या कायद्यात सहा शतके नांदलेला ‘डिओडँड’ हा शब्द ऑगस्ट १८४६मध्ये संसदेने एका छोट्याशा कायद्याने निकालात काढला आणि तेव्हापासून तो कायद्याच्या इतिहासापुरता उरला. लॅटिनमधील ‘देओ दान्दुम’, म्हणजे ‘देवाला द्यावयाचे’, या पदापासून मध्ययुगीन न्यायालयांतील फ्रेंचमध्ये ‘देओदांद’ झाले आणि तेथून ते इंग्रजीत आले. एखादी वस्तू किंवा जनावर माणसाच्या मृत्यूस कारण झाले, तर ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हावी आणि राजाने ती धर्मकार्यासाठी वापरावी, असा तो नियम होता. गाडीचे चाक अंगावरून गेले, घोड्याने लाथ मारली, कोणी उकळत्या पाण्याच्या हंड्यात पडले, की कॉरोनर, म्हणजे संशयास्पद किंवा आकस्मिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, ज्युरी बसवी. मृत्यू कशाने आला हे ज्युरी ठरवी आणि त्या वस्तूची किंमतही तीच ठरवी. खुनाच्या आरोपपत्रातसुद्धा हत्याराची किंमत नमूद करावी लागे, कारण चाकू सहा पेन्सांचा असला तरी त्या सहा पेन्सांवर राजाचा हक्क असे.

या शब्दाची कथा बहुधा अशी सांगितली जाते, की निर्जीव वस्तूला दोषी धरणारी ही मध्ययुगीन समजूत विज्ञानयुगात टिकणे शक्यच नव्हते, म्हणून ती गेली. मला ही मांडणी पटत नाही. समजूत म्हणून ती अठराव्या शतकातच निष्प्राण झालेली होती. ब्लॅकस्टोन या विधिज्ञाने १७६५मध्ये लिहून ठेवले आहे, की ज्युरी एखादी क्षुल्लक वस्तूच मृत्यूचे कारण ठरवतात किंवा नाममात्र किंमत लावून मोकळ्या होतात. शिलिंग-दोन शिलिंगांची ही रूढी कोणालाच खुपत नव्हती आणि तशीच चालू राहिली असती तर संसदेने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

ती खुपू लागली रेल्वे आल्यावर. १८३०च्या दशकापासून ज्युरींनी वाफेची इंजिने आणि आगबोटी यांच्यावर भरघोस रकमा लावायला सुरुवात केली. २४ डिसेंबर १८४१च्या पहाटे रेडिंगजवळ सॉनिंग येथे, अतिवृष्टीने रुळांवर आलेल्या दरडीत ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी घुसली. इंजिनाला लागूनच तिसऱ्या वर्गाचे उघडे, बुटक्या कडांचे डबे होते आणि त्यांच्या मागे मालाचे डबे. उतारूंमध्ये लंडनला संसदेच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट होते आणि ते नाताळासाठी घरी निघाले होते. आठ जण जागीच गेले, एक नंतर गेला. ज्युरीने इंजिन आणि डबे यांच्यावर एक हजार पौंडांचा डिओडँड लावला.

पाच वर्षांत कायदा रद्द झाला. रद्द करणाऱ्या अधिनियमाच्या उद्देशिकेत जुन्या नियमाला दोन विशेषणे लावली आहेत, ‘अविवेकी’ आणि ‘गैरसोयीचा’. पहिले विशेषण तीनशे वर्षांपूर्वीही खरे होते. दुसरे खरे ठरले ते रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना रकमा मोजाव्या लागू लागल्यावर. म्हणून माझे म्हणणे असे, की हा शब्द विवेकाने मेला नाही, तो हिशेबाने मेला. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

तर्कनिष्ठ

धागाकर्त्यांनी सॉनिंगचे चित्र परिणामकारक रंगवले आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट वगळली आहे. हजार पौंड कोणाला मिळायचे होते? पाथरवटांच्या विधवांना त्यातील एक पेनीही मागण्याचा अधिकार नव्हता. डिओडँडचा हक्क राजाचा, आणि राजाने तो पुष्कळ ठिकाणी स्थानिक जमीनदारांना बहाल केलेला. म्हणजे मजूर मरावा आणि त्याच्या मरणावर जहागिरीच्या धन्याचा गल्ला भरावा, अशी ती व्यवस्था होती. राजाच्या दानाध्यक्षामार्फत कधीमधी कुटुंबाला काही मिळत असेल, तर ती कृपा होती. तो हक्क नव्हता.

आता तिच्यातील तर्क पाहावा. तो ब्लॅकस्टोननेच दिला आहे. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना माणूस पडून मेला, तर फक्त ते चाक जप्त. गाडी चालू असेल, तर सगळी गाडी. अजाण मूल उभ्या गाडीवरून पडून मेले, तर काहीच जप्त नाही, कारण ब्लॅकस्टोनच्या मते मूल पापरहित असल्याने त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना विकत घेण्याची गरज नव्हती. तेच मूल बैलाने मारले तर मात्र बैल जप्त. नदीत नावेवरून पडून मेला तर डिओडँड, खाऱ्या समुद्रात जहाजावरून पडून मेला तर नाही. अशा नियमांना न्यायाचे साधन म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. बैलाला दगडांनी ठेचून मारावे असे सांगणाऱ्या ‘निर्गम’ या बायबलमधील पुस्तकाची ही लांबलेली सावली आहे आणि ती एकोणिसाव्या शतकापर्यंत पडून राहिली, हेच आश्चर्य आहे.

राहिला प्रश्न सुरक्षिततेचा. उघड्या डब्यांतील प्रवाशांचे हाल संपवले ते १८४४च्या रेल्वे नियमन कायद्याने. रोज निदान एक गाडी मैलाला एक पेनी दराने सोडावी आणि तिच्यातील तिसऱ्या वर्गाला बसायला जागा व डोक्यावर आडोसा असावा, असे बंधन त्याने घातले. अपघातांची चौकशी करणारे सरकारी रेल्वे निरीक्षक त्याआधीच, १८४०मध्ये, नेमले गेले होते. काम करणारी यंत्रणा ही होती. इंजिनाला दंड ठोकणारी ज्युरी फार तर संताप व्यक्त करत होती.

मोडीवाचक

पैसे विधवांना मिळत नव्हते, हे मान्य आहे, आणि मी ते मिळत होते असे लिहिलेले नाही. पण दंडाचा परिणाम तो कोणाच्या हातात पडतो यावर अवलंबून नसतो. तो कोणाच्या खिशातून जातो यावर असतो. हजार पौंड ही त्या काळी संचालकांच्या बैठकीत विषय निघेल अशी रक्कम होती.

शिवाय १८४४चा कायदा आकाशातून पडला नाही. सॉनिंगच्या मृत्यूंनी जो गदारोळ झाला, त्यात ज्युरीने लावलेल्या आकड्याचाही वाटा होताच. अपघाताच्या गावातील दुकानदार, शेतकरी, कारागीर एकत्र बसून कंपनीच्या इंजिनावर किंमत लावतात, यात मला संतापाबरोबर विचारही दिसतो. त्यांच्या हातात दुसरे कोणतेही हत्यार नव्हते. मनुष्यवधाचा आरोप बलाढ्य कंपनीवर टिकत नसे आणि दिवाणी दाव्याचे दार बंद होते. जुनाट, गंजलेले, हास्यास्पद असे एक साधन कोपऱ्यात पडले होते, ते त्यांनी उचलले.

शब्दमूळ

मुख्य वादात मला फारसे म्हणायचे नाही, परंतु ‘फ्रेंचमधून आलेला शब्द’ हे विधान जरा घाईचे वाटते. डिओडँड सरळसरळ लॅटिन आहे. तेराव्या शतकातील ब्रॅक्टन या इंग्रज विधिज्ञाच्या ग्रंथाचा हवाला देऊन जे सूत्र सांगितले जाते, ‘जे जे मृत्यूकडे चालून जाते ते ते देवाला द्यावयाचे’, ते लॅटिनमध्येच आहे. कॉरोनरांच्या नोंदीही लॅटिनमध्ये असत. त्यामुळे फ्रेंचचा संबंध एखाद्या धर्मशाळेएवढाच आहे, शब्द तिथे रात्रभर उतरला इतकेच.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॅटिन ‘देउस’ आणि आपला ‘देव’, लॅटिन ‘दारे’ आणि आपले ‘दान’ ही नाती भाषाशास्त्रात सर्वमान्य आहेत. म्हणजे ‘देवदान’ असा शब्द केला, तर तो भाषांतरापेक्षा चुलत भाऊ अधिक ठरेल.

सातासमुद्रापार

शब्दमूळ यांच्याशी मी सहमत नाही आणि मतभेद केवळ लेबलाचा नाही. लॅटिन सूत्रात ‘द्यावयाचे’ हे विशेषणासारखे येते. ‘डिओडँड’ नावाची एक स्वतंत्र चीज, जिची किंमत ठरते, जी वसूल होते, जिचा हक्क दान करता येतो, अशी कायदेशीर वस्तू घडली ती वकिलांच्या बोलण्यात, आणि इंग्लंडचे वकील त्या काळी न्यायालयात फ्रेंच बोलत. १२९०च्या सुमारास सिद्ध झालेला ‘ब्रिटन’ नावाचा कायदेग्रंथ फ्रेंचमध्ये आहे. पहिल्या एडवर्ड राजाच्या मुखातून बोलतो आहे असे त्याचे रूप आहे, आणि कॉरोनरांनी काय करावे हे त्यात राजा फ्रेंचमध्येच सांगतो. नोंदी लॅटिनमध्ये होत, पण युक्तिवाद होत असे फ्रेंचमध्ये, आणि इंग्रजी भाषकाच्या कानावर शब्द पडत तो युक्तिवादातून.

ही फ्रेंच किती चिवट होती पाहा. न्यायालयात इंग्रजी बोलावी असे फर्मावणारा १३६२चा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या काळात १६५०मध्ये सगळे कामकाज इंग्रजीत आणले, तर राजा परत येताच ते उलटवले गेले. अखेर १७३३पासून न्यायालयांतील लॅटिन आणि फ्रेंच कायमची बंद झाली. तोपर्यंत तिची अवस्था अशी झाली होती, की १६३१मध्ये सॉल्झबरीला एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला, त्याची नोंद करणाऱ्याने ‘जेक्त अन ब्रिकबॅट’ असे लिहिले आणि नेम ‘नॅरोली मिस्ट’ (थोडक्यात हुकला) म्हणून वाक्य पुरे केले. अर्धी फ्रेंच, अर्धी इंग्रजी, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही. आपल्याकडे फिर्याद, वकील, जप्ती, मुद्दत हे शब्द फारसी न येणारी माणसेही सहज वापरतात, त्यातलाच हा प्रकार. ज्युरी, मॉर्गेज, प्लेंटिफ ही डिओडँडची सख्खी भावंडे आहेत. ती जगली आणि हा गेला, याचे कारण भाषेत सापडणार नाही, एवढ्यापुरता मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे.

शब्दमूळ

युक्तिवाद आणि नोंद यांतील फरक महत्त्वाचा आहे, हे मान्य. तरीही ‘देओदान्दुम’ हे नाम म्हणून लॅटिन नोंदींतही वापरात होते, त्यामुळे नाम घडवण्याचे श्रेय फ्रेंचला एकटीला देता येणार नाही. दोन्ही भाषा एकाच माणसांच्या तोंडी आणि लेखणीत होत्या, असे म्हणून मी थांबतो.

काळाकोट

मी वकिली करतो आणि मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे माझे बरेचसे काम असते, म्हणून या विषयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल लिहितो. तो इथे अजून आलेला नाही आणि त्याच्याशिवाय १८४६ समजत नाही.

१८०८मध्ये इंग्लंडमध्ये बेकर विरुद्ध बोल्टन हा दावा झाला. प्रवासी घोडागाडी उलटली, टपावर बसलेल्या नवराबायकोपैकी नवऱ्याला खरचटले, बायको महिन्याभराने वारली. लॉर्ड एलेनबरो यांनी निर्णय दिला, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात नुकसान म्हणून मांडण्याजोगी गोष्टच नाही. नवऱ्याला स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांपुरता तिचा सहवास बुडाल्याबद्दल भरपाई मिळाली. मृत्यूबद्दल शून्य. या नियमाचा परिणाम असा, की प्रवाशाचा पाय मोडला तर कंपनीला भरपाई द्यावी लागे, आणि प्रवासी मेला तर काही द्यावे लागत नसे. ज्युरी डिओडँडच्या रकमा का फुगवत होत्या, हे या पार्श्वभूमीवर कळते.

ऑगस्ट १८४६मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन कायदे झाले आणि दोन्हींमागे लॉर्ड कॅम्पबेल हे कायदेपंडित होते. एकाने डिओडँड गेला. दुसऱ्याने मृताच्या पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दावा लावण्याचा हक्क प्रथमच दिला. तेव्हा धागाकर्ते म्हणतात तसा हा एकतर्फी विजय नव्हता. कंपन्यांच्या गळ्यातून एक लोढणे काढले, तेव्हा दुसरे बांधले गेले, आणि हे दुसरे योग्य माणसाच्या हातात होते.

मात्र या सौद्यात काय हरवले, हे तर्कनिष्ठ यांनीही पाहावे. नव्या कायद्याखाली चूक किंवा हयगय सिद्ध करण्याचा भार विधवेवर आला. शिवाय १८५२मध्ये ब्लेक विरुद्ध मिडलंड रेल्वे या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की दुःखाची भरपाई मिळणार नाही, फक्त बुडालेल्या पैशाची मिळेल. म्हणजे मृताची कमाई किती, हे माप ठरले. न कमावणारे मूल, म्हातारी आई, यांच्या मृत्यूची किंमत जवळजवळ शून्यावर आली.

हाच कायदा आपल्याकडे १८५५चा तेरावा अधिनियम म्हणून आला. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली होती, त्यानंतर दोन वर्षे झालेली नव्हती. त्याच्या उद्देशिकेत बेकर विरुद्ध बोल्टनचाच सूर ऐकू येतो : दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तरी आज कोणत्याही न्यायालयात दावा लावता येत नाही, म्हणून हा कायदा. तो आजही अस्तित्वात आहे. मोटार आणि रेल्वे यांसाठी वेगळे कायदे झाले, पण विजेचा धक्का लागून कोणी गेले, इमारत कोसळून कोणी गेले, तर वकील अजूनही १८५५कडेच वळतात. मुंबईत कॉरोनरही होता. कलकत्ता आणि मुंबई या शहरांसाठी १८७१मध्ये स्वतंत्र कॉरोनर कायदा झाला आणि ते पद मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकले. परंतु इंजिनाची किंमत ठरवणारा तो जुना कॉरोनर आणि हा, यांच्यात नावापलीकडे थोडेच उरले होते.

तर्कनिष्ठ

काळाकोट यांच्या प्रतिसादाने माझीच बाजू बळकट होते, असे मला वाटते. हक्क राजाकडून विधवेकडे आला, ही एका ओळीत सांगता येणारी प्रगती आहे. पुराव्याचा भार आणि भरपाईचे माप हे दोष पुढे दुरुस्त होऊ शकत होते, आणि झालेही. चूक कोणाची हे न पाहता भरपाई देण्याचे तत्त्व आपल्या मोटार वाहन कायद्यात १९८२मध्ये आले, तेव्हा मृत्यूसाठी १५ हजार रुपये होते. आजच्या कायद्यात ही रक्कम पाच लाख आहे. रेल्वे अपघातात चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम १ जानेवारी २०१७पासून आठ लाख झाली. हे सगळे डिओडँड नसतानाच घडले. मेलेल्या शब्दाबद्दल हळहळ वाटण्याइतके त्यात काय होते, हे मला अद्याप समजलेले नाही.

मोडीवाचक

काय होते ते सांगतो. आपण आत्ता जी उदाहरणे दिलीत, त्यांतील गाभा हाच आहे : चूक कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून, ज्याच्या वस्तूने माणूस मेला त्याने पैसे मोजावेत. १८४६पूर्वी ज्युरी नेमके हेच करत होती. १८४६ने ते तत्त्व मोडून काढले, हयगयीला मध्यवर्ती स्थान दिले, आणि तेच तत्त्व आपल्या वाहन कायद्यात परत यायला १९८२ उजाडावे लागले. त्या मधल्या काळात किती घरांना ‘हयगय सिद्ध झाली नाही’ एवढ्या एका वाक्यावर परत पाठवले गेले असेल, याचा विचार करावा.

दुसरे, मापाचा मुद्दा. डिओडँड वस्तूची किंमत लावत असे. चाकाची किंमत कमी, इंजिनाची जास्त. अपघाताचे साधन जितके मोठे, जितके श्रीमंत, तितकी रक्कम मोठी होऊ शकत असे, आणि मेलेला माणूस पाथरवट आहे की बॅरिस्टर, याने तिच्यात फरक पडत नसे. कॅम्पबेल यांच्या कायद्याने माणसाची कमाई मोजली. बॅरिस्टर मेला तर कंपनीला महागात पडे, पाथरवट मेला तर स्वस्तात सुटे. या दोन मापांपैकी कोणते अधिक रानटी, याचे उत्तर मला तरी सोपे वाटत नाही.

राजाच्या हक्काबद्दल एक जोड. राजाकडे पैसा जाणे ही मूळची प्रथा नव्हतीच. आल्फ्रेड राजाच्या, म्हणजे नवव्या शतकातील, कायद्यांत असे आहे, की एकत्र काम करत असताना एकाच्या हातून झाड पडून दुसरा मेला, तर ते झाड मृताच्या नातलगांना द्यावे आणि त्यांनी ते तीस दिवसांत उचलून न्यावे. मारणारी वस्तू कुटुंबाकडे जात असे. नॉर्मन राजवटीनंतरच्या कायद्यात तिची दिशा राजाकडे वळली आणि ‘देवाला द्यावयाचे’ हे सोवळे नाव तिला मिळाले. म्हणून मी म्हणतो, की विकृती त्या दिशेत होती. तत्त्वाला दोष देता येत नाही.

बंदरकाठ

या चर्चेत जहाजे आलीच पाहिजेत. तर्कनिष्ठ यांनी खाऱ्या समुद्राचा उल्लेख केला आहे, पण तिथे गोष्ट वेगळ्या नावाने जिवंत आहे. नौकानयनाच्या कायद्यात दावा मालकाऐवजी थेट जहाजावर लावता येतो, आणि जहाजाला न्यायालयाच्या हुकमाने बंदरात ‘अटक’ होते. अमेरिकेच्या होम्स या न्यायपंडिताने १८८१मध्येच लिहिले होते, की जहाजाला व्यक्तीसारखे वागवण्याची ही रीत आणि डिओडँड ही एकाच मुळाची फळे आहेत.

गोव्याशी संबंध असलेले एक प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. एम. व्ही. एलिझाबेथ हे परदेशी जहाज १९८४मध्ये गोव्यातील एका कंपनीचा माल घेऊन, मालाची कागदपत्रे न देताच मुरगाव बंदरातून निघून गेले. पुढे ते विशाखापट्टणमला आले तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या हुकमाने अडवले गेले. भारतातील न्यायालयाला असा अधिकार आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२मध्ये निकाल लागला, की आहे. मालक दूर देशी, हाताला न लागणारा. जहाज मात्र समोर, दोरखंडांनी बांधलेले. दावा वस्तूवर लावण्यामागे भोळेपणा नाही, व्यवहार आहे. सॉनिंगच्या ज्युरीलाही संचालक दिसत नव्हते, इंजिन दिसत होते.

तर्कनिष्ठ

जहाज अडवणे आणि वस्तू गिळंकृत करणे यांत फरक आहे. अटकेतील जहाज तारण देऊन सुटते आणि शेवटी देणे लागते ते मालकाच्या जबाबदारीमुळे. डिओडँडमध्ये मालक निर्दोष असला तरी वस्तू जाते. आणि हीच कल्पना आजही किती उपद्रव करते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. १९७४मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एका भाड्याने दिलेल्या नौकेचे प्रकरण आले. भाडेकरूंनी तिच्यावर गांजा ठेवला होता, मालक कंपनीला त्याची गंधवार्ताही नव्हती, तरी नौका जप्त झाली आणि न्यायालयाने जप्ती कायम करताना समर्थनासाठी इतिहास उगाळला तो थेट डिओडँडपासून. १८४६मध्ये इंग्लंडने पुरलेला शब्द, ज्या देशाच्या ‘कॉमन लॉ’त, म्हणजे न्यायनिर्णयांतून घडलेल्या कायद्यात, तो रुजलाच नव्हता तिथे, निरपराध मालकाविरुद्ध उकरून काढण्यात आला.

आपल्याकडे अवैध वाळू उपशाच्या प्रकरणांत डंपर जप्त होतो, तेव्हा हप्त्यांवर गाडी घेतलेला मालक आणि रात्री ती परस्पर चालवणारा चालक यांच्यात भेद करायला किती यातायात पडते, हे तहसील कचेरीत जाणाऱ्यांना विचारावे. वस्तू बोलत नाही, म्हणून तिला शिक्षा करणे सत्तेला सोपे जाते. ज्युरीच्या हातातले ते हत्यार गरिबांच्या बाजूने चालले असेल काही वर्षे. सरकारच्या हातात ते कायम आहे.

काळाकोट

या शेवटच्या मुद्द्यावर मी तर्कनिष्ठ यांच्याबरोबर आहे. जप्तीचे अपील लढताना वाहन उन्हापावसात गंजत पडते, आणि निकाल बाजूने लागला तरी हाती भंगार येते. पण त्यांना एक विचारतो : मृत्यूबद्दल जबाबदारी ठरवणे आणि गुन्ह्याबद्दल मालमत्ता जप्त करणे, या दोन गोष्टी आपण एकाच तागडीत का टाकत आहोत? अमेरिकेतील नौकेने कोणी मेले नव्हते.

तर्कनिष्ठ

कारण त्या न्यायालयानेच त्या एका तागडीत टाकल्या. शब्द इतिहासातून उचलला, की त्याच्याबरोबर त्याचा तर्कही येतो, आणि मग तो कोणत्या प्रकरणाला लावायचा हे उचलणारा ठरवतो.

मोडीवाचक

यावर माझे म्हणणे नेमके करतो. निर्दोष मालकाची वस्तू सरकारजमा व्हावी, याचे समर्थन मी करत नाही, आणि १९७४चा तो निकाल मलाही चुकीचा वाटतो. परंतु मृत्यूच्या प्रकरणात १८४६समोर तिसरा मार्ग खुला होता : डिओडँडची रक्कम राजाऐवजी कुटुंबाला द्यावी आणि बाकी नियम तसाच ठेवावा. आल्फ्रेडच्या काळी कुटुंबाकडे झाड जात होते, तेव्हा हे अकल्पनीय मुळीच नव्हते. ज्युरी होती, कॉरोनर होता, किंमत ठरवण्याची रीत होती, मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, अपघाताच्याच गावी, कुटुंबाला एक पैसा खर्च न करता निर्णय होत होता. संसदेने ते सगळे टाकून दिले आणि विधवेला सांगितले, की बारा महिन्यांच्या आत वकील करून दावा लाव. रेल्वे कंपन्यांसाठी या दोहोंपैकी सोयीचे कोणते होते, हे काळाकोट यांनी त्यांच्या न्यायाधिकरणातील अनुभवावरून सांगावे.